रॅम वाढवली आणि डिस्प्लेच गेला

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. तेव्हापासून जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं हा प्रश्न पुष्कळ घरांत निघाला. नवा घ्यायचा तर खर्च मोठा, म्हणून बहुतेकांनी आहे त्याच मशीनला रॅम वाढवून आणखी दोन-तीन वर्षं काढायचं ठरवलं. निर्णय चुकीचा नाही. चार जीबीच्या मशीनला आणखी चार जीबी मिळाले की ते खरोखर हलकं चालतं. पण जळगावच्या गोलाणी मार्केटमधून किंवा धुळ्याच्या बाजारातून रॅमची पट्टी आणून घरीच बसवली की काही वेळा जे ऐकू येतं ते ठरलेलं असतं : ‘कालपर्यंत चांगला चालत होता, रॅम टाकली आणि डिस्प्लेच येईना.’

या वाक्यातच निदानाची निम्मी सामग्री आहे. काल चालत होता, आज चालत नाही, आणि मधल्या वेळात काय बदललं ते आपल्याला नेमकं माहीत आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीत इतका स्पष्ट पुरावा क्वचित हाती लागतो. तरीही घाबरून लोक दोन टोकं गाठतात. कुणी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून हात टेकतं, तर कुणी ‘विंडोज मारून बघू’ म्हणतं. पहिलं निदान बहुतेक वेळा खोटं निघतं. दुसरा उपाय नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

आधी रॅमच्या आत काय चालतं ते पाहू, कारण ते कळलं की तिचे रुसवे कळतात. आज आपण वापरतो ती डायनॅमिक रॅम आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची कल्पना. तिचं पेटंट त्यांना जून १९६८ मध्ये मिळालं. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढीच त्यांची रचना. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. अडचण अशी की हा कपॅसिटर म्हणजे गळका रांजण. भरून ठेवला तरी आपोआप रिता होत जातो. म्हणून प्रत्येक बिट पुन्हा पुन्हा वाचून परत भरावा लागतो, आणि ही फेरी साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुरी व्हावी लागते. आठ जीबीच्या एका पट्टीत असे सुमारे ६,९०० कोटी कपॅसिटर असतात. कॉम्प्युटर चालू असेपर्यंत सेकंदाला पंधरा-सोळा वेळा त्या सगळ्यांचं भरण चालू असतं. चिप ८५ अंशांच्या वर तापली तर गळती इतकी वाढते की ही फेरी निम्म्या वेळात, म्हणजे ३२ मिलिसेकंदांत उरकावी, असं मानकच सांगतं.

एवढं नाजूक काम करणारी पट्टी मदरबोर्डशी जोडलेली असते ती निव्वळ दाबाने. स्क्रू नाही, डाग नाही. डीडीआर३ च्या पट्टीला २४० पिना आणि डीडीआर४ ला २८८. प्रत्येक पिन स्लॉटमधल्या तिच्या वाट्याच्या पत्तीला नीट टेकली पाहिजे. त्यातली एखादी जरी अधांतरी राहिली तरी पडदा काळा राहू शकतो. म्हणूनच रॅम टाकल्यावर बंद पडलेल्या मशीनमध्ये पहिला संशय घ्यायचा तो बसवण्यावर. माझ्या मते रॅम खराब निघण्यापेक्षा नीट न बसण्याची प्रकरणं कितीतरी जास्त असतात.

पण कॅबिनेट उघडण्याआधी आपल्या भागातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खानदेशातल्या पुष्कळ घरांत ज्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात त्या पत्र्याच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात. लोक त्याची सवय करून घेतात. हे चांगलं लक्षण नव्हे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे जोडलेले असतात, आणि त्यांतून येणारा थोडासा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा अशी योजना असते. घराला अर्थिंग नसेल किंवा नावापुरतंच असेल तर तो पत्र्यावर साचून राहतो. अशा डब्याला मीटर लावलं तर शंभर-सव्वाशे व्होल्ट सहज दिसतात. प्रवाह अगदी कमी असल्याने आपल्याला फक्त चुणचुण जाणवते, पण तेवढं रॅमच्या चिपला पुरेसं असतं. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि जे अर्थिंग पावसाळ्यात ठीक होतं तेही निकामी होतं. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वरचेवर पाणी ओतण्याची जुनी पद्धत त्यासाठीच आहे. मुंग्या येत असतील तर रॅमचं पुढे बघू, आधी वायरमन बोलवा.

आणि कॅबिनेट उघडताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढा. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटसुलट झालेली घरं कमी नाहीत. तिथे बटण बंद केलं तरी फेज आत येतच राहते. शिवाय पिन लागलेली आणि बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस मदरबोर्डला पाच व्होल्टचा राखीव पुरवठा देत असतो, मग विंडोज रीतसर शटडाउन केलेलं असलं तरी. त्या अवस्थेत रॅम ओढली किंवा खुपसली तर ती कायमची जाऊ शकते. पिन काढल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. मग पत्र्याच्या रंग नसलेल्या भागाला हात टेकवा आणि त्यानंतरच पट्टीला स्पर्श करा. जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास आणि हवेत ओलावा नाही अशा वेळी, अंगावर स्थिर वीज पटकन साचते. आपल्याला तिचा चटका जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टला, चिपला मात्र शंभराच्या आतलेही पुरतात. म्हणजे रॅमला इजा झाली तरी आपल्याला काही कळलेलं नसतं.

आता निदान. पहिलं पाऊल मागे टाकायचं : नवी पट्टी काढा, जुनी तिच्या पूर्वीच्या जागी लावा आणि मशीन चालू करा. चालू झालं तर मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस सगळे निर्दोष सुटले. चौकशी उरली ती फक्त नव्या पट्टीची आणि दुसऱ्या स्लॉटची. चालू झालं नाही, तर आपल्या हाताने आणखी काहीतरी हललं आहे. रॅम दाबताना बोर्ड लवतो. त्यात ग्राफिक्स कार्ड वर उचललं जातं, प्रोसेसरशेजारची चार किंवा आठ पिनांची वीजतार सैल होते, हार्ड डिस्कची केबल सुटते. कधी कॅबिनेट पुढे ओढताना मॉनिटरची केबलच निसटलेली असते. आधी हे सगळं दाबून बघा.

पट्टी कशी बसवायची ते नीट सांगतो, कारण घोटाळा इथेच होतो. स्लॉटच्या दोन्ही टोकांचे चिमटे पूर्ण बाहेर उघडा. काही नव्या बोर्डांना एकाच बाजूला चिमटा असतो. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते. ती मधोमध नसते, जराशी एका बाजूला असते. स्लॉटमधल्या उंचवट्याशी ती खाच जुळवा. मग दोन अंगठे पट्टीच्या दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा. चिमटा आपोआप मिटून ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. चिमटा बोटाने ओढून मिटवावा लागला, तर पट्टी पुरती गेलेली नाही. बसल्यावर आडवं वाकून बघा : सोनेरी कडा दोन्ही टोकांना सारखीच लपलेली असली पाहिजे. एका टोकाला सोनेरी रेघ जास्त दिसली की पट्टी तिरपी आहे. अशा तिरप्या पट्टीला वीज दिली तर पिना जळालेल्याही पाहायला मिळतात.

खोडरबर हा आपल्याकडचा सर्वमान्य इलाज. पट्टी काढायची, सोनेरी पिनांवर खोडरबर घासायचा, फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची. तो लागू पडतो हे खरं आहे, कारण पिनांवर चढलेला मळ निघतो. पण त्या पिनांवर सोन्याचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो, आणि स्वस्त पट्ट्यांवर आणखीच पातळ. दर महिन्याला घासत राहिलं तर खालचं निकेल उघडं पडतं आणि मग मळ अधिकच लवकर धरतो. रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर आणखी एक आजार मागे लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसणं केव्हाही चांगलं. घरातलं सॅनिटायझर मात्र नको, त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतात आणि त्यांचा थर मागे राहतो. फुंकरही नको, तोंडातला ओलावा जातो. स्लॉटमध्ये कोरडा मऊ ब्रश फिरवा किंवा ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना कॅबिनेटचे पंखे बोटाने धरून ठेवा.

कूलरबद्दलही इथेच बोलून घेतो. खानदेशात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि पुष्कळदा कॉम्प्युटरचं टेबल नेमकं त्याच्या झोतात असतं. त्या झोताबरोबर क्षारयुक्त पाण्याचे बारीक तुषार येतात. धूळ आणि जिनिंगजवळच्या घरांत कापसाचे तंतू आधीच आत बसलेले असतात, ते ओलावा धरून ठेवतात. महिनोन्‌महिने रिकाम्या राहिलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये हा थर जमतो आणि आपण नवी पट्टी नेमकी तिथेच खुपसतो. म्हणून दुसरा स्लॉट खराब ठरवण्यापूर्वी तो स्वच्छ करून बघायला हवा.

यानंतरची पद्धत साधी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवी पट्टी एकटीच पहिल्या, म्हणजे चालू असल्याची खात्री असलेल्या स्लॉटमध्ये लावा. चालली तर पट्टी ठीक. मग जुनी पट्टी एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. चालली नाही तर दोष स्लॉटचा. दोन्ही वेगवेगळ्या चालतात पण एकत्र चालत नाहीत, असं झालं तर त्यांचं आपसात जमत नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी न लावता प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, असं बहुतेक कंपन्या सांगतात.

पंखे फिरतात पण पडद्यावर काही नाही, तर बीप ऐका. जुन्या बोर्डांना छोटा बझर लागतो. असेंबल्ड कॅबिनेटमध्ये तो बहुतेक वेळा लावलेलाच नसतो, पण दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. तो लावून सगळी रॅम काढा आणि मशीन चालू करा. बीप वाजायला लागले तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत आणि ‘मला रॅम नाही’ असं सांगत आहेत. रॅम नसतानाही काहीच वाजत नसेल तर आजार रॅमचा नाही, दुसरीकडे शोधा. ही एक परीक्षा पुष्कळ फुकटचा खर्च वाचवते. नव्या बोर्डांवर बझरऐवजी ‘डीरॅम’ लिहिलेला बारीक दिवा असतो.

नंतर सीमॉसचा सेल. बायोसने जुन्या रॅमचा वेग-वेळ लक्षात ठेवलेला असतो. पिन काढून २०३२ क्रमांकाचा नाण्याएवढा सेल काही मिनिटं बाहेर ठेवला की ती आठवण पुसली जाते आणि बोर्ड नव्या पट्टीची ओळख पहिल्यापासून करून घेतो. डीडीआर५ च्या नव्या मशीनमध्ये ही ओळख व्हायला पहिल्या वेळी काही मिनिटं लागू शकतात, तोवर पडदा काळाच असतो. तिथे घाईने बटण दाबून बंद करू नका, थांबा.

इतकं करूनही नवी पट्टी चालत नसेल तर ती या बोर्डासाठी नाहीच, असं समजावं. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे सरळ चुकीची पट्टी बसतच नाही. फसवणारी पट्टी ती, जी बसते पण चालत नाही. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या लाटेत आणि नंतर घेतलेली असंख्य मशीनं इंटेलच्या जी३१ आणि जी४१ चिपसेटच्या बोर्डांवर उभी आहेत. जी३१ ची मर्यादाच चार जीबी, त्याला जास्त लावून उपयोग नाही. जी४१ ला डीडीआर३ ची चार जीबीची पट्टी चालते, पण सहसा सोळा चिपांची, दोन्ही बाजूंना आठ-आठ असलेली. आठच चिपांची नवी पट्टी त्याला ओळखता येत नाही, कारण एवढ्या दाट चिपा त्या चिपसेटच्या काळात नव्हत्या. दुकानदार दोन्हींना ‘डीडीआर३ चार जीबी’ म्हणतो आणि खोटंही बोलत नाही. चिपा मोजून घेणं आपल्या हातात आहे. डीडीआर२ ची स्वस्त चार जीबीची पट्टी फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणारी असू शकते. सर्व्हरमधून निघालेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या ऑनलाइन फार स्वस्त दिसतात. डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये त्या घरच्या स्लॉटमध्ये बेमालूम बसतात, पण डिस्प्ले देत नाहीत. लॅपटॉपवाल्यांनी व्होल्टेज बघावं : साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टची. पुष्कळ लॅपटॉपना दुसरीच लागते.

‘रॅम वाढवली म्हणून एसएमपीएसला झेपत नाही’ हे स्पष्टीकरण कुणी दिलं तर मान्य करू नका. एक पट्टी जेमतेम दोन ते पाच वॉट घेते. एसएमपीएस आधीच मरायला टेकलेला असेल तर गोष्ट वेगळी.

सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे मशीन चालू होतं, पण हँग होतं, निळा पडदा देतं, मधेच रिस्टार्ट मारतं. इथे रॅम अर्धवट बरोबर आणि अर्धवट चूक वागत असते. २००९ मध्ये टोरांटो विद्यापीठ आणि गूगल यांनी मिळून गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांनी निदान एक तरी चूक केलेली आढळली. सर्व्हरमध्ये अशी चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते. आपल्या घरच्या मशीनमध्ये ती बहुधा नसते, चूक तशीच पुढे जाते.

म्हणून चाचणी घ्यायची. विंडोजच्या शोधपट्टीत ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा, ते मशीन रिस्टार्ट करून रॅम तपासतं. त्याहून कडक परीक्षा मेमटेस्ट८६+ ची. ते फुकट मिळतं आणि पेनड्राइव्हवरून चालतं. एक पूर्ण फेरी होऊ द्या, जमल्यास रात्रभर. लाल अक्षरांत एकही चूक दिसली तरी ती पट्टी नापास. ‘एवढ्याने काय होतं’ हा हिशेब इथे चालत नाही. खानदेशासाठी एक खास सूचना : चाचणी पहाटे घेऊन समाधान मानू नका, दुपारीही घ्या. खोली चाळिशीच्या वर गेली की कॅबिनेटच्या आत त्याहून दहा-बारा अंश जास्त असणं सहज शक्य आहे. पहाटे पास होणारी काठावरची पट्टी तीन वाजता नापास होते. चुका निघाल्याच तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करा, म्हणजे रॅम तिच्या साध्या वेगावर येते, आणि पुन्हा चाचणी घ्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांचं भांडण पुष्कळदा यानेच मिटतं.

आता तो घातक उपाय. निळा पडदा आला की ‘फॉरमॅट मारू’ हा सल्ला लगेच मिळतो. रॅम संशयित असताना विंडोज टाकायचं म्हणजे प्रत्येक फाइल त्या सदोष रॅममधून डिस्कवर उतरवायची. नवं विंडोज जन्मतःच बिघडलेलं तयार होतं आणि दोष डिस्कवर ढकलला जातो. त्याहून वाईट म्हणजे बॅकअप. जळगावच्या सराफाचा किंवा धुळ्याच्या आडत्याचा टॅलीचा डेटा, घरचे फोटो, मुलीचा विद्यापीठाचा प्रोजेक्ट, हे सगळं घाईघाईने पेनड्राइव्हवर उतरवलं जातं ते त्याच रॅममधून. मूळ फाइल शाबूत आणि प्रत खराब, आणि मग मूळ फाइल फॉरमॅटमध्ये पुसली जाते. हे नुकसान कुठलाही दुकानदार भरून देऊ शकत नाही. बॅकअप घ्यायचाच तर नवी पट्टी काढून, जुन्या रॅमवर मशीन चालवून घ्या. खरं तर तो रॅम आणायला जाण्याच्या आदल्या दिवशीच घेतलेला असावा.

सगळं चालतं पण रॅम कमी दिसते, हा शेवटचा प्रकार फारसा गंभीर नाही. ३२-बिट विंडोज असेल तर चार जीबीतली सव्वातीन-साडेतीनच वापरात येते, आणि वर कितीही टाकली तरी फरक पडत नाही. ६४-बिट टाका. आठपैकी ७.८ दिसत असतील तर उरलेली बोर्डावरच्या ग्राफिक्सने घेतली आहे, त्यात बिघाड नाही.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरांना चिपा हव्या आहेत. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल ब्रँड बंद करण्याचं जाहीर केलं. याचा अर्थ आपल्या बाजारात जुन्या, काढलेल्या, पुसून पुन्हा पाकिटात भरलेल्या पट्ट्या वाढणार. म्हणून खरेदीला जाताना जुनी पट्टी किंवा तिच्या स्टिकरचा आणि बोर्डाच्या नावाचा फोटो सोबत न्या. बिलावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटी त्या नंबरावरच मिळते आणि नामांकित कंपन्या ती अनेक वर्षांची देतात. शक्य असेल तर मशीनच दुकानात नेऊन तिथेच चालू करून बघा. आणि ‘जुनी द्या, नवीचे पैसे कमी करतो’ असं कुणी म्हटलं तरी चाचणी पुरी होईपर्यंत जुनी पट्टी हातची सोडू नका.